सागवानी पेटीत युरोरॅक बसवायचंय, रेलचं काय करू?

रंकाळा_रेझोनन्स
नमस्कार मंडळी. आजोबांच्या मोडक्या पलंगाच्या सागवानी फळ्यांतून युरोरॅकसाठी (सुट्या मॉड्यूलांचा सिंथेसायझर) दोन ओळींची पेटी झालीय. सुतारकाम मामांचं, काटकोन चोख. आतून रुंदी ४३१ मिमी, उंची २७५. परदेशातून रेल (मॉड्यूल स्क्रूनं बसवायच्या धातूच्या पट्ट्या) मागवायच्या तर भाडं आणि कस्टमच रेलच्या वर जातंय. लाकडी पट्टी ठोकून साध्या लाकडी स्क्रूनं मॉड्यूल बसवले तर चालेल? सध्या पाचच आहेत, पुढं वाढतील.

उद्यमनगरचा_टर्नर
भावा, लाकडी पट्टी चालते, पण मॉड्यूल हलणार नसतील तरच. "पुढं वाढतील" म्हणतोयस म्हणजे जागा बदलणार. स्क्रू चार वेळा काढला-घातला की भोक ढिलं, मग काडेपेटीची काडी कोंबत बस.

मापं १९९५ पासून डोएप्फर या जर्मन कंपनीचीच चालतात. पॅनेलची उंची १२८.५, वरच्या-खालच्या भोकांचं मध्य ते मध्य १२२.५. एक एचपी (पॅनेलच्या रुंदीचं एकक) ५.०८ मिमी, म्हणजे ८४ एचपीला ४२६.७२. तुझ्या पेटीत दोन्हीकडं दोन-दोन मिमी सुटतंय, पावसाळ्यात साग जरा फुगला तरी अडचण नाही. एका ओळीला उंची १३३.३५ धरतात, दोन ओळी आरामात बसतात.

रेल इथंच होतील. ॲल्युमिनियमची १०×२० फ्लॅट घे, १० ची बाजू दर्शनी. साधी १०×१० घेतलीस तर टोकाला पेटीत आवळायचा स्क्रू आणि पुढची भोकं आत एकमेकांत घुसतात. २० असली की पुढून ८ मिमी खोल भोकं आणि टोकाचा एम५ (५ मिमीचा) स्क्रू मागच्या अर्ध्यात. दोन ओळींच्या मधल्या रेल जवळजवळ चिकटतात, फट ०.८५ ची, घाबरू नको.

भोकं एम३ (३ मिमीच्या स्क्रूची), २.५ च्या ड्रिलनं, आटे पाडायच्या टॅपला रॉकेल. पहिलं डाव्या टोकापासून ९.६ वर, पुढं ५.०८ नं. हे हाताच्या ड्रिलनं करायला जाऊ नको. एका भोकावरून दुसरं मोजलं आणि दर वेळी ०.१ चुकलं तर शेवटाला ८ मिमीचा फरक! डीआरओवाल्या (आकड्यांत माप दाखवणाऱ्या) मिलिंग मशीनवर दे, प्रत्येक भोक एकाच टोकापासून. चार रेलची तीनशेच्या वर भोकं होतात, कारागीर तोंड वाकडं करणार. आधी पैसे ठरव, मग चहा पाज.

तारकटलेला
दादांचं बरोबर, फक्त एक. रेलच्या आतल्या कडांमध्ये ११२.५ च उरतं. पाचही मॉड्यूलचे बोर्ड मोजून बघ. खोलीही बघ, मागची विजेची चपटी रिबन केबल वळायला जागा लागते.

आणि वीज. लाकडी पेटीला अर्थिंग नसतं, म्हणून २३० व्होल्ट आत घेऊच नकोस. बाहेरून ॲडॅप्टर, आत ±१२ व्होल्टचा वीजपुरवठ्याचा बोर्ड. रिबनची लाल कड उणे १२ ला. उलटी बसली तर काही मॉड्यूलवर वाचवणारा डायोड असतो, काहींवर नसतो, आणि नसलेलं नेमकं महागडं निघतं.

रंकाळा_रेझोनन्स
बोर्ड मोजले, सगळ्यात मोठा १०८. खोलीलाही अडत नाही. स्क्रू किती लांबीचे? आणि फ्लॅट ४३१ च कापून घेऊ ना?

उद्यमनगरचा_टर्नर
एम३×६, खाली नायलॉनचा वॉशर, नाहीतर पॅनेलचा रंग उडतो. एकदम आवळू नको, आधी चारही स्क्रू सैल लाव, मॉड्यूल सरळ कर, मग आवळ.

४३१ डोळे झाकून सांगू नको. जिथं जिथं रेल येणार तिथं आतून मोज आणि सगळ्यात लहान माप निघेल ते दे. लाकूड आहे ते, मामा कितीही चोख असू देत.