पित्ताशय: ज्यांचा रोज संबंध येतो त्यांनी लिहा

आंबट ढेकर आली की 'पित्त झालं', अंगावर गांध्या उठल्या की 'पित्त उठलं', आणि यकृतातून पाझरणारा हिरवट-पिवळा रस तोही पित्तच. पहिलं जठरातलं आम्ल, दुसरी बहुधा ॲलर्जी. पित्ताशयाचा संबंध फक्त तिसऱ्याशी. या गोंधळापायी पित्ताशयातल्या खड्याचं दुखणं ॲसिडिटीच्या गोळ्यांवर महिनोन् महिने काढलं जातं. जाणकारांनी नेमकं लिहावं.

शरीरक्रियाशास्त्र शिकवणारी
पित्त तयार करतं यकृत, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पित्ताशयात मावतं जेमतेम 30 ते 50 मिलि. मग भागतं कसं? पोट रिकामं असताना पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेलं स्नायूंचं कडं आवळलेलं असतं, त्यामुळे बरंचसं पित्त पित्ताशयात वळतं. तिथलं अस्तर त्यातलं पाणी शोषून ते पाच ते दहा पट दाट करतं. बासुंदीचं दूध आटवावं तसं, फक्त विस्तवाशिवाय. जेवणातलं तेल-तूप आणि प्रथिनं लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. त्याने पित्ताशय आकसतं, कडं सैल पडतं. पित्तक्षार तेलाचे थेंब बारीक करतात, तेव्हा कुठे स्वादुपिंडाचं लायपेज हे चरबी पचवणारं विकर त्यावर नीट काम करू शकतं. काम झालं की सुमारे 95 टक्के पित्तक्षार आतड्यातून परत यकृताकडे जातात.

पित्तात कोलेस्टेरॉल जास्त झालं किंवा पित्ताशय नीट रिकामं होईना, की खडे धरतात. गरोदरपण, झपाट्याने उतरवलेलं वजन, दीर्घकाळ फक्त सलाइनवाटे पोषण, या सगळ्यांत हेच घडतं.

सोनोग्राफी करणारा
सहा ते आठ तास उपाशी या, असं सांगतो ते उगाच नाही. दुधाचा एक कप चहाही पित्ताशय आकसवतो. मग भिंत जाड भासते आणि बारीक खडा लपतो. साधं पाणी चालतं. तपासताना कूस बदलायला लावतो, कारण खडा घरंगळतो आणि मागे काळी सावली टाकतो, पॉलिप, म्हणजे अस्तरालाच चिकटलेली बारीक गाठ, जागचा हलत नाही. आमची मर्यादाही सांगतो: मुख्य पित्तनलिकेच्या खालच्या टोकाचा खडा आतड्यातल्या हवेमुळे निसटू शकतो. कावीळ असेल तर आमच्या 'नॉर्मल' रिपोर्टवर थांबू नका, एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करून घ्या.

फॅमिली डॉक्टर
खड्याची कळ बरगडीखाली उजवीकडे किंवा थेट बेंबीच्या वर येते, पाठीत उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाते, अर्ध्या तासापासून काही तास टिकते. सहा तासांवर गेली, ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा शौच मातकट पांढरी झाली तर घरी थांबू नये. चाळिशीपुढच्या माणसाचा ईसीजी आधी काढावा, हृदयविकाराचं दुखणंही तिथेच येऊ शकतं.

मुतखड्याची औषधं इथे चालत नाहीत. पाणी पिऊन पित्तखडा लघवीवाटे जाणार कसा, तो त्या वाटेवरच नाही.

सर्जन
कधीच न दुखलेला खडा सहसा नुसता नजरेखाली ठेवावा. कळा सुरू झाल्या की मात्र पित्ताशयच काढावं लागतं. नुसता खडा काढला तर पुन्हा होण्याची शक्यता राहते. भारतात दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया 1990 मध्ये मुंबईत डॉ. तेहेमतन उडवाडियांनी सुरू केली. सहसा चार छिद्रं, पोट फुगवायला आत कार्बन डायऑक्साइड वायू. सर्वांत मोठा धोका: मुख्य पित्तनलिकेला पित्ताशयाची नळी समजून कापणं. म्हणून पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सोडवून, त्यात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, नळी आणि धमनी, स्वच्छ दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही. सूज फार असेल तर पोट उघडणं किंवा थोडं पित्ताशय तसंच ठेवणं हा शहाणपणा आहे. नंतर खांदा दुखतो तो त्या वायूमुळे, दोन-तीन दिवसांत जातो.

विदर्भातली बालरोगतज्ज्ञ
सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांत लाल पेशी सतत फुटतात, बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य वाढतं आणि त्याच रंगद्रव्याचे खडे लहानपणीच होतात. तेलकट खाण्याशी त्यांचा संबंध नाही. या मुलांचे डोळे एरवीही पिवळसर असतात, म्हणून पोटदुखीसोबत पिवळेपणा वाढला तर सोनोग्राफी टाळू नका.

आहारतज्ज्ञ
पित्ताशय काढल्यावर पातळ पित्त थेट आतड्यात झिरपत राहतं. तूप कायमचं बंद करायची गरज नाही; एका बैठकीत कमी घ्या, दिवसभरात विभागून घ्या. काहींना जेवणानंतर लगेच पातळ शौच होते. तेव्हा ओट्स, इसबगोल यांनी आराम पडतो. महिन्यानंतरही थांबलं नाही तर पित्तक्षार बांधून ठेवणारं औषध मिळतं, ते डॉक्टरांना विचारा.