मदत हवी आहे: बट वेल्डरचा जोड तिसऱ्या डायमध्ये तुटतो

तारेवरची_कसरत:
नमस्कार मंडळी. मी तार ओढायच्या मशीनवर ऑपरेटर आहे. ५.५ मिमीचा हाय कार्बन रॉड (कार्बन ०.७ टक्क्याच्या आसपास) नऊ डायमधून (तार बारीक करणाऱ्या भोकाच्या साच्यांतून) काढून २ मिमीची तार करतो. चालू कॉइलचं शेपूट आणि नव्या कॉइलचं तोंड बट वेल्डरवर जोडतो, म्हणजे मशीन रिकामं होत नाही.

महिन्याभरापासून हे जोड तुटायला लागलेत. पहिला डाय निघतो, दुसरा निघतो, तिसऱ्यात फट्! मग टोक बारीक करा, डायमध्ये ओवा, ब्लॉकवर (तार ओढणाऱ्या ड्रमवर) वेढे घ्या, पाऊण तास गेलाच. वर साहेब येऊन सांगणार, "जोड नीट मारत जा."

करंटचा टप्पा वर करून पाहिला, खाली करून पाहिला. जबडे घासले. दाबाची स्प्रिंग नवी टाकली. फरक शून्य. जोड मारल्यावर बर (जोडाभोवती बाहेर आलेलं लोखंड) कानशीने काढतो आणि तार तशीच जबड्यात ठेवून लाल होईपर्यंत अनीलिंगचं (तापवून मऊ करायचं) बटन दाबतो. कुठे चुकतंय?

जाता जाता दुसरं: तयार तारेच्या स्पूलवर फ्लँजपाशी (कडेच्या तबकडीपाशी) खड्डा पडतो आणि तार खालच्या थरात रुतते. गिऱ्हाईक ओरडतंय.

गुंडाळी:
स्पूलचं आधी उरकतो. खड्डा प्रत्येक स्पूलवर येतो की ठराविक स्पूलवरच? ठराविक असेल तर त्या स्पूलचा फ्लँज वाकलाय, बाजूला काढ. सगळ्यांवर येत असेल तर ट्रॅव्हर्स (तार स्पूलवर इकडून तिकडे पसरवणारा भाग) फ्लँजला पोचायच्या आधीच उलटा फिरतोय. त्या बाजूचा स्टॉप एकेक तारेच्या जाडीने बाहेर सरकव आणि दरवेळी निदान दोन-तीन थर भरू दे. एकदम सरकवलास तर तिथेच ढीग होईल आणि वरचे वेढे घसरून आत पडतील, म्हणजे पुन्हा रुतलेलीच तार.

कानसकाका:
स्प्रिंग बदलण्याआधी तुटलेलं टोक बघितलंस का? तिथेच सगळं लिहिलेलं असतं. बरोबर जोडावर सपाट तुटलं आणि तोंड काळपट असेल तर आत ऑक्साइड अडकलंय: टोकं सरळ कापली नव्हती, गंज होता किंवा दाब कमी पडला. जोडाच्या शेजारी बारीक होत, निमुळतं होऊन तुटलं तर ती जागा वाजवीपेक्षा मऊ झालीय. आणि शेजारी असूनही अजिबात न ताणता काचेसारखं तुटलं, तोंडावर चकाकणारे दाणे दिसले, तर ती जागा कडक राहिलीय.

दुसरं, बर काढताना कानस लोखंड खाते की वरून घसरते?

तारेवरची_कसरत:
काका, डब्यातली सात टोकं काढून पाहिली. एक जोडावर काळं आहे. बाकी सहा जोडापासून चार-पाच मिलिमीटरवर तुटलीत, आणि सहाही चकाकतात. कानस तर अशी घसरते की दात जातात. मला वाटायचं कानसच भंगार आहे.

कानसकाका:
बिचारी कानस.

मेटॅलर्जीवाली:
काकांनी रोग ओळखलाय, कारण मी सांगते. वेल्डिंगच्या वेळी जोडाच्या दोन्ही बाजूंची तार ७२७ अंशांच्या वर जाते. तांब्याचे जबडे ती उष्णता झपाट्याने शोषतात. इतका कार्बन असलेली तार अशी पटकन थंड झाली की तिचं मार्टेन्साइट होतं, म्हणजे पाण्यात बुडवून कडक केलेल्या छिन्नीसारखी. अशी तार डायमध्ये ताणली जात नाही, तडकते. पहिल्या दोन डायमध्ये तग धरते एवढंच.

अनीलिंग हा यावरचा उतारा, पण तुम्ही ते त्याच जबड्यांत आणि त्याच अंतरावर करताय. मधला जोड तापतो, पण जबड्याला लागून असलेली कडक जागा थंडच राहते. तुमच्या वेल्डरला अनीलिंगचे वेगळे, लांब अंतराचे जबडे असायला हवेत, ते शोधा.

आता एक प्रश्न. महिन्याभरापूर्वी काय बदललं? माल, माणूस की जागा?

तारेवरची_कसरत:
ताई, लांबचे जबडे आहेत की! त्यावर आम्ही हातमोजे ठेवतो. 😅

माल तोच, माणसंही तीच. जागा मात्र बदलली. पे-ऑफ (कॉइल ठेवून सोडायचा स्टँड) हलवला म्हणून वेल्डर आतल्या कोपऱ्यातून शटरजवळ आणला. हे लिहिताना तुटीची वही काढून बसलोय, तर एक गंमत दिसते. रात्रपाळीत दोनच जोड तुटलेत, बाकी सगळे दिवसपाळीत. दोन्ही पाळ्या मी केल्यात, तेव्हा दुसऱ्या कुणाला नाव ठेवायलाही जागा नाही.

कानसकाका:
सापडलं! तू "लाल होईपर्यंत" तापवतोस ना? अंधारात मंद लाली लवकर दिसते. शटरमधून उजेड येत असेल तर तीच लाली दिसतच नाही, म्हणून तू बटन दाबूनच ठेवतोस. तुला लाल दिसेपर्यंत तार चांगली तेजाळलेली असते.

मेटॅलर्जीवाली:
अगदी! आणि हे नुसतं जास्त तापणं नाही. ७२७ च्या वर नेऊन एकदम बटन सोडलं की तार पुन्हा जबड्यांमुळे झटक्यात थंड होते आणि पुन्हा कडक होते. म्हणजे उतारा म्हणून तुम्ही तोच आजार परत देताय. जुन्या कोपऱ्यात जबडे चुकीचे असूनही निभावत होतं, कारण तिथे तुमचा हात वेळेवर थांबायचा.

६५० ते ७०० च्या दरम्यान थांबायचं. सुरुवातीला ठराविक तापमानाला वितळणारा खडू तारेवर ओढून डोळा बसवून घ्या. आणि बटन एकदम सोडू नका: दाबा-सोडा, दाबा-सोडा करत लाली हळूहळू उतरू द्या. तार काळी पडली तरी लगेच जबड्यातून काढायची घाई नको. ओलं फडकं तर अजिबात लावू नका. (हसू नका, मी पाहिलंय.)

कानसकाका:
क्रमही बदल. जोड मारला की आधी अनीलिंग, मग बर काढ, मग परत एकदा अनीलिंग. पहिल्या वेळी तार मऊ झाली की कानस आपोआप खाते. कानस तारेच्या लांबीच्या दिशेनेच चालव, आडवा ओरखडा राहिला तर तार तिथूनच तुटते. मी ५.५ ला अनीलिंगसाठी जबड्यांत ४५-५० मिमी मोकळी तार ठेवतो.

आणि जोड डायमध्ये जात असताना ब्लॉकसमोर उभा राहू नकोस. हाय कार्बनचं तुटलेलं टोक चाबकासारखं येतं.

ओढूनताणून:
आमच्याकडे तांब्याच्या तारेला कोल्ड वेल्डिंग करतात, ना करंट ना अनीलिंग. तसलं मशीन घेऊन टाका.

कानसकाका:
ते तांब्या-अॅल्युमिनियमला. नुसत्या दाबाने चार-सहा वेळा चेपून टोकांवरचं ऑक्साइड बाहेर ढकलायचं, हे मऊ धातूलाच जमतं. हाय कार्बनला चेपायला गेलात तर मशीनचाच डाय फुटेल.

तारेवरची_कसरत:
आठवड्याने येतोय. लांबचे जबडे साफ करून वापरात घेतले. शटरच्या बाजूला गोणपाटाचा पडदा बांधला, वेल्डरवर पत्र्याची टोपी केली. खडूने पाहिलं तेव्हा चाटच पडलो: उजेडात मी ज्याला "आत्ता कुठे लाल" म्हणत होतो, तिथे ७०० चा खडू केव्हाच वितळलेला होता.

दिवसपाळीत अकरा जोड मारले, दहा नवव्या डायमधून पार झाले. एक तुटला, तो जोडावर आणि काळा, म्हणजे माझी कापणी तिरकी. कटरचं पातं बदलायला दिलंय.

गुंडाळीभाऊ, स्टॉप तीन वेळा सरकवला, खड्डा भरला. आता दुसऱ्या फ्लँजला किंचित उंचवटा दिसतोय. तो स्टॉप आत घेऊ की आधी स्पूल तपासू?

गुंडाळी:
आधी स्पूल. रिकामा फिरव आणि फ्लँजच्या कडेला खडू धर. खडूची रेघ पूर्ण गोल उमटली तर स्टॉप आत घे, तुटक उमटली तर स्पूल भंगारात.