नाव माहीत असलेला पैसा बेवारस कसा? मजुराचा राहिलेला पगार सरकारनं ठेवून घ्यावा का?

सक्करदरावाला (धागा सुरू)

मंडळी, खूप दिवसांपासून हा विषय डोक्यात घोळून राहिला आहे, आज लिहूनच टाकतो. माझे बाबा इथे नागपुरातल्या एका कापड गिरणीत साचेखात्यात (कापड विणायच्या मागांचं खातं) होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी कॉलेजात होतो, घरात नुसती चिंता, हिशोब काय झाला कोणाला विचारायची पण सोय नव्हती. बाबा २००९ मध्ये गेले. मागच्या दिवाळीत आईची लोखंडी पेटी साफ करताना त्यांचं तिकीट नंबरवालं (गिरणीत कामगाराला दिलेला नंबर) कार्ड सापडलं आणि त्याच्यात घडी घातलेला कागद, बाबांच्या अक्षरात, ‘बोनस बाकी, रजेचे पैसे बाकी’. रक्कम पण लिहिलेली. मोठी नाही, पण आमच्या घरात तेव्हा त्या रकमेत दोन महिन्यांचा किराणा आला असता.

मग मी शोधायला लागलो. तेव्हा कळलं की १९५३ चा कामगार कल्याण निधीचा कायदा आहे आपल्या राज्याचा. कामगाराला द्यायचा पगार, बोनस, ग्रॅच्युइटी तीन वर्षांत त्याला दिली गेली नाही तर मालकानं ती रक्कम कामगार कल्याण मंडळाकडे भरायची (पीएफ ह्याच्यात येत नाही, त्याचं खातं वेगळं). मंडळ नोटीस काढतं, कारखान्याच्या बोर्डावर आणि पेपरात. मुदतीत कोणी मागायला आलं नाही की तो पैसा बेवारस धरून राज्याचा होतो आणि निधीत जमा.

आता मला सांगा, ज्या गिरणीला कुलूप लागलं तिच्या बोर्डावरची नोटीस कोण वाचणार? माणसं कोणी उमरेडला गेली, कोणी बालाघाटकडे आपल्या गावी, कोणी रिक्षा चालवायला लागलं. बाबांचा पैसा तिथे भरला गेला होता की नव्हता हे सुद्धा मला आजपर्यंत कळलेलं नाही, एका ऑफिसात तीन चकरा झाल्या (कोणत्या ते लिहीत नाही), दर वेळी ‘वर्ष सांगा’ एवढंच.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या पैशाला नाव आहे, तिकीट नंबर आहे, त्याला बेवारस म्हणू नये. वारस शोधायचं काम पैसा ठेवून घेणाऱ्याचं आहे, त्यानं नावांची यादी उघडी टाकावी. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त पासबुकवाला

भाऊ, बाबांचा कागद वाचून मन भरून आलं. तरी मी उलट बाजूनं लिहितो, राग मानू नका. ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच इतवारीत. मी स्वतः पत्रं पाठवली आहेत खातेदारांना, ढिगानं परत यायची, ‘या पत्त्यावर राहत नाही’. माणूस घर बदलतो, बँकेला सांगत नाही. बायकोला खातं सांगत नाही, मुलाला एफडी सांगत नाही, नॉमिनीचा रकाना कोरा सोडतो. घरच्यालाच माहीत नाही तर सरकारला कोणत्या आधारावर माहीत व्हावं?

आणि पैसा बुडतो हा लोकांचा गैरसमज आहे. बँकेचं सांगतो. दहा वर्षं खात्यात काहीच हालचाल नाही, किंवा एफडी पिकून दहा वर्षं झाली, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. २०१४ पासून ही व्यवस्था आहे. मार्च २०२४ अखेर त्याच्यात ७८ हजार कोटींच्या वर रक्कम होती. पण हक्क तुमचाच, मुदत संपत नाही, बचत खात्यावर व्याज पण मिळतं. ऑगस्ट २०२३ पासून तर अशा पडून राहिलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, घरी बसून शोधा. फक्त एक करा, संविधान चौकात रिझर्व्ह बँकेच्या गेटावर जाऊन उभे राहू नका, माझ्या ओळखीचे दोघंतिघं भर उन्हात जाऊन आले. अर्ज आपल्या बँकेच्या शाखेत द्यायचा, बँक तुम्हाला देते आणि मग निधीतून वसूल करते. एवढी सोय असताना वारसानं दोन पावलं चालू नये का?

महालची सून

काका, दोन पावलं मी चालले, म्हणून लिहिते. माझी आई १९८१ मध्ये लग्न होऊन आली, सासरी तिचं नाव बदललं, आडनाव तर बदललंच. लग्नाच्या आधी ती शिक्षिका होती, तिचं खातं माहेरच्या नावावर. आई आता नाही. उद्गमवर मी बसले तर नावासोबत पॅन किंवा मतदार कार्ड किंवा जन्मतारीख असं काहीतरी टाकायला लागतं. १९७८ च्या खात्याला कुठलं पॅन? जन्मतारीख शाळेत टाकली ती वेगळी, घरी सांगायचे ती वेगळी. पत्ता टाकायचा म्हटलं तर वाडाच पडला, तिथे आता फ्लॅट आहेत.

आणि नाव लिहायचं इंग्रजीत! आपल्याकडचं गावंडे घ्या, कोणी डब्ल्यूनं लिहितं, कोणी व्हीनं, कोणी मध्ये ओ घालतं. वानखेडे-वानखडे तर एकाच घरात दोन भावांचं वेगळं असतं. मी एका दुपारी अकरा प्रकारे आईचं नाव टाईप केलं. अकराव्यांदा ‘काही सापडलं नाही’ आलं तेव्हा खरं सांगते रडू आलं, पैशासाठी नाही, आईचं माहेरचं नाव इतक्या वर्षांनी पहिल्यांदा लिहीत होते म्हणून. मग काका, तुम्ही म्हणता घरच्यांना माहीत नाही. माहीत होतं. नाव माहीत होतं, शाखा माहीत होती, शिक्षिकेची नोकरी माहीत होती. जिच्या कागदावर दोन नावं आहेत तिला शोधायची सोय कोणी केलीच नाही. म्हणून माझं मत सक्करदऱ्याच्या दादांकडे.

रघुजीनगर

मी विरोधात. आणि मी कामगारच आहे, हिंगण्याला बावीस वर्षं झाली.

बावा, पैसा मंडळाकडे जातो म्हणजे कोणाच्या खिशात जात नाही. माझी बायको कामगार कल्याण केंद्रात शिवण शिकली, आज घरी दोन मशिनी आहेत. पोराला तिथूनच स्कॉलरशिप मिळाली. आम्ही नाटकाच्या स्पर्धेत उतरतो मंडळाच्या, रात्रपाळी करून तालमीला येतात लोकं. हे सगळं चालते कशावर? कामगाराच्या पगारातून कापलेल्या वर्गणीवर, मालकाच्या वाट्यावर आणि ह्या पडून राहिलेल्या पैशावर. मेलेल्या कामगाराचा न उचललेला बोनस जिवंत कामगाराच्या पोराच्या कामी येऊन राहिला तर ह्याच्यात अन्याय काहून वाटून राहिला तुम्हाले? चाळीस वर्षं यादी घेऊन वारस हुडकत बसायचं, त्याच्यासाठी माणसं ठेवायची, त्यांचा पगार कोण देणार? तो पण कामगाराच्याच पैशातून जाईल.

सिव्हिल लाइन्स, कोर्टाजवळ

वकिली करते म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थोडं.

यादी उघडी टाका म्हणणाऱ्यांना आधी. नाव, पत्ता आणि रक्कम असं सगळं उघडं टाकलं की पहिला तिथे वारस पोहोचत नाही, एजंट पोहोचतो. ‘तुमचे पैसे अडकलेत, तीस टक्के द्या, काढून देतो’ असे फोन मी अशिलांकडून ऐकते, काहींनी आधार आणि ओटीपी पण देऊन टाकला. उद्गमवर शोधायला किंवा बँकेत क्लेम द्यायला एक रुपया फी नाही, मध्ये माणूस लागत नाही. तर यादी हवी, पण रक्कम झाकून.

आता निवृत्त काकांना. दोन पावलं नसतात हो ती. परवापर्यंत नॉमिनी नसलेल्या खात्यासाठी एक शाखा साध्या हमीपत्रावर पैसे द्यायची आणि दुसरी सक्सेशन सर्टिफिकेट (कोर्टाकडून मिळणारा वारस दाखला) आणा म्हणायची. ते आणायचं तर अर्ज, कोर्ट फी, पेपरात नोटीस, तारखा. लोकं हिशोब करायचे आणि सोडून द्यायचे, मी स्वतः कितीजणांना सांगितलं की मावशी, एवढ्या रकमेसाठी नका करू. हे सोडून दिलेले पैसेच तर पुढे बेवारस म्हणून मोजले जातात! सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम काढले, नॉमिनी नसला तरी १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाख) सोपी पद्धत, वारसांत वाद नसेल तर, आणि पूर्ण कागद दिल्यापासून १५ दिवसांत निकाल. शाखेत जाताना हे तोंडपाठ करून जा.

आणि नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो वारसांच्या वतीनं पैसे घेतो. ह्याच्यावरून भावाबहिणींची भांडणं मी रोज बघते.

न्यू जर्सीतला नागपूरकर

इकडे हे पैसे राज्य सरकारकडे येतात, बँकेचे, पगाराचे, विम्याचे, सगळे एका खिडकीवर. राज्यांच्या खजिनदारांनी मान्य केलेली एक मोफत वेबसाईट पण आहे, नाव टाकलं की बऱ्याच राज्यांतलं एकदम दिसतं. मला जुन्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट असंच मिळालं. कॅलिफोर्नियात तर शोधून देणाऱ्याची फी दहा टक्क्यांच्या वर घ्यायला कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडे बँकेचं एकीकडे, शेअर आणि डिव्हिडंड सात वर्षांनी दुसऱ्या निधीत, विमा दहा वर्षांनी ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत, मजुरी मंडळात. एवढी दारं म्हातारी बाई ठोठावेल कशी?

सक्करदरावाला

सगळ्यांचे वाचले. रघुजीनगर भाऊ, वहिनींच्या मशिनींबद्दल मला आनंदच आहे, माझी आई पण त्या केंद्रात पापड-कुरडयांच्या वर्गाला गेलेली आहे. पण एक सांगा, बँकेत ज्याच्या लाखोंच्या ठेवी पडल्या त्याचा हक्क कधीच संपत नाही, वीस वर्षांनी या, पन्नास वर्षांनी या. विम्यावाल्याला निधीत गेल्यावर पण २५ वर्षं मिळतात. आणि साच्यावर उभं राहून ज्यानं बोनस कमावला त्याच्या नोटिशीची मुदत संपली की विषय संपला! मुदत कोणाची कमी ठेवली बघा. केंद्रं चालवा, त्या पैशाचं व्याज वापरा, मूळ रकमेवर नाव राहू द्या. वारस आला तर द्या, नाही आला तर आहेच केंद्राला.

वकील ताईंचं पटलं, रक्कम झाकलेली यादी चालेल. नाव, गिरणी, तिकीट नंबर, मराठीतून, गिरणीवार आणि वर्षवार. तिकीट नंबर वारसाच्या घरीच सापडणार, एजंटकडे नाही.

निवृत्त पासबुकवाला

मुदतीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तेवढ्यापुरतं माघार घेतो. मजुरीला बँक ठेवीपेक्षा कमी मुदत असायचं काही कारण नाही. बाकी माझं मत कायम, पहिलं काम घरच्यांचं. आज रात्री एका वहीत सगळी खाती, पॉलिसी, पतसंस्थेच्या पावत्या लिहा आणि वही कुठे आहे ते दोघांना सांगा. पतसंस्थेचं मुद्दाम सांगतो, नागपुरात घरोघरी पावत्या आहेत आणि उद्गमवर पतसंस्था दिसणारच नाही, ती रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली नाही.

महालच्या ताई, उद्गमवर ३० बँकाच आहेत, आईची बँक त्याच्यात नसेल तर तिच्या स्वतःच्या वेबसाईटवर वेगळी यादी असते. जुन्या बँका विलीन झाल्या, आताचं नाव आधी काढा. शाळेच्या सेवापुस्तकात माहेरचं नाव आणि जन्मतारीख दोन्ही मिळतील, ती नक्कल घ्या, सोबत लग्नाचा दाखला नाहीतर नाव बदलल्याचं गॅझेट. मग मला इथेच लिहा, अर्ज मी भरून देतो.

महालची सून

सेवापुस्तकाचं सुचलंच नव्हतं काका. सोमवारी शाळेत जाते.

रघुजीनगर

मूळ रक्कम तशीच ठेवा म्हणता, ते मले अजून पटलं नाही, व्याजावर केंद्र चालत नाही, भाडं-बिल पाहिलं आहे मी. पण यादीचं पटलं. सक्करदरावाले दादा, बाबांचा तिकीट नंबर आणि गिरणीचं खातं मले मेसेजमध्ये टाका. आमच्या केंद्रात दोन म्हातारे येतात पेपर वाचायले, दोघंही गिरणीतले. एक साचेखात्यातलाच होता, त्याले विचारून सांगतो हिशोब कोणत्या वर्षी झाला ते.