मदत हवी आहे : निकोसियाचा बंद विमानतळ आणि जनरल प्रेमचंद

नमस्कार मंडळी,

सायप्रसमधल्या निकोसिया विमानतळाचा इतिहास जुळवतोय, पण एका जागी घोडं अडलंय. १९६८ साली तिथं नवं टर्मिनल उघडलं आणि जेमतेम सहा वर्षांत, जुलै १९७४ मध्ये तुर्कस्तानचं सैन्य बेटावर उतरलं तेव्हा प्रवासी वाहतूक थांबली ती कायमचीच. फोटो बघताना फार वाईट वाटतं. धुळीनं माखलेल्या खुर्च्यांच्या रांगा तशाच आहेत, आणि बाहेर सायप्रस एअरवेजचं ट्रायडंट विमान काचा गेलेल्या अवस्थेत अजून चाकांवर उभं आहे.

लढाई पेटलेली असताना संयुक्त राष्ट्रांनी हा विमानतळ आपल्या ताब्यात घेतला. तेव्हा तिथल्या शांतिसेनेचे प्रमुख होते आपले लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद! हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

मला नेमके तेच दिवस हवे आहेत. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या कुणाच्या आठवणी, मुलाखत, जुन्या मासिकातला लेख कुणी वाचलाय का? घरात कुणी त्या काळी सायप्रसला असेल तर त्यांना जरूर विचारा. १९७४ आधीचं विमानांचं वेळापत्रक किंवा धावपट्ट्यांचा नकाशा मिळाला तरी मोठं काम होईल.