मदत हवी आहे: ऑनलाइन बेसबॉल लीगमध्ये मी केलेले बदल लागतच नाहीत

तळ्यातमळ्यात | रवि, १६ मार्च, स. ९:४०

लोकहो, डोकं फिरायची वेळ आलीये. आउट ऑफ द पार्क या कंप्यूटर गेमच्या ऑनलाइन लीगमध्ये माझ्याकडे पिट्सबर्गची टीम आहे. पहिल्या सहा सिममध्ये मस्त चाललं होतं, २२-१७ (२२ जिंकले, १७ हरले). गेल्या तीन सिममध्ये ५-१४. आणि हरतोय त्याचं दुःख नाही, मी जे बदल करतो ते लागतच नाहीत! ट्रिपल एमधून (मुख्य टीमच्या लगेच खालची टीम) शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, वर आणला, नवी फाइल उघडली तर तो परत खाली. पुन्हा वर आणला, पुन्हा खाली. एका स्टार्टर पिचरला (सामना सुरू करणारा) बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांत टाकलं, तर तो निवांत स्टार्ट करून पाच रन देऊन आलाय. तीनदा झालं हे. कमिशनर काहीतरी गडबड करतोय असं मला वाटतं, पण आधी इथे विचारतो. मंगळवारी पुढचा सिम आहे. लवकर सांगा.

अनुस्वार | स. १०:०५

प्रश्न कळला नाही. बेसबॉल कळतो, म्हणजे शाळेत सॉफ्टबॉल खेळलेय, पण इथे खेळतं कोण? तुम्ही बटणं दाबता का?

तळ्यातमळ्यात | स. १०:११

बटणं नाही हो. सगळे सामने कंप्यूटर खेळतो. आपण टीमचे जनरल मॅनेजर. कोणाला खेळवायचं, कोणाला विकायचं, कोणाला खाली पाठवायचं हे ठरवायचं आणि फाइल पाठवायची. तीस माणसं, तीस टीम. लीग चालवणारा कमिशनर आठवड्यातून तीनदा सगळ्यांच्या फाइल घेऊन सात दिवसांचे सामने एकदम पळवतो, त्याला सिम म्हणतात. मग आपण नवी फाइल उतरवून काय झालं ते बघायचं. आता कोणीतरी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या.

अनुस्वार | स. १०:१४

म्हणजे तुम्ही आठवड्यातून तीनदा निकाल बघता आणि मधले दिवस चिडता. बरं.

डावखुरा | स. १०:३०

सोपं आहे. लाइनअप, म्हणजे खेळणाऱ्यांची यादी, एक नसते. उजव्या हाताच्या पिचरसमोरची वेगळी, डावऱ्यासमोरची वेगळी. नवे लोक पहिली भरतात आणि दुसरी तशीच ठेवतात. गेल्या तीन सिममध्ये तुझ्यासमोर डावरे जास्त आले असणार. मीही पहिल्या सीझनला हेच केलं होतं, जूनपर्यंत कळलंच नाही.

तळ्यातमळ्यात | स. १०:३४

दोन्ही भरल्यात. आणि लाइनअपचा प्रश्न नाहीये. माणूस ट्रिपल एमध्येच जातोय परत. लाइनअपमध्ये असायला आधी टीममध्ये तर हवा ना!

डावखुरा | स. १०:३६

तरी एकदा बघून घे.

आकडेमोड | स. ११:०२

त्या स्टार्टरचे आकडे दे. ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावरचे रन) सोडून. इनिंग, स्ट्राइकआउट (पिचरनं थेट बाद केलेले), वॉक (फुकट दिलेले बेस), होमरन.

तळ्यातमळ्यात | स. ११:१०

६६ इनिंग, ७० स्ट्राइकआउट, १७ वॉक, ७ होमरन. ईआरए ५.७३. पण याचा संबंध काय?

आकडेमोड | स. ११:२५

संबंध हा की तुझा बदल लागला नाही हे तुझं नशीब! स्ट्राइकआउट, वॉक, होमरन एवढं धरून एफआयपी काढ, म्हणजे क्षेत्ररक्षण वगळून ईआरए किती असायला हवा ते. १३ गुणिले ७, अधिक ३ गुणिले १७, वजा २ गुणिले ७०. उरले २. भागिले ६६, म्हणजे जवळजवळ शून्य. त्यात साधारण ३.१ चा स्थिरांक मिळव. हा ३.१ चा पिचर आहे आणि तू त्याला बुलपेनमध्ये कोंडायला निघालायस. बॅटला लागून मैदानात आलेल्या चेंडूंवर साधारण .३०० नं, म्हणजे शंभरात तीस, हिट होतात, ते पिचरच्या हातात फारसं नसतं. व्होरोस मॅकक्रॅकन या आकडेवाल्यानं २००१ मध्ये हे लिहिलं तेव्हा लोक हसले होते. याच्या नशिबी सध्या वाईट चेंडू पडतायत. थांब.

डावखुरा | स. ११:३१

आकडेमोड, हे प्रत्येक धाग्यावर. मागच्या वेळी तुम्ही ज्याला थांब म्हणालात त्यानं सीझन संपेपर्यंत ६ चा ईआरए ठेवला होता. पिट्सबर्गचं इनफिल्ड (बेसजवळचे क्षेत्ररक्षक) कसलं आहे ते विचारलंत का? शॉर्टस्टॉपच भोक असेल तर चेंडू जाणारच.

आकडेमोड | स. ११:३३

म्हणजे दोष पिचरचा नाही. मी तेच म्हणतोय.

डावखुरा | स. ११:३४

नाही, तुम्ही 'नशीब' म्हणताय. मी 'शॉर्टस्टॉप' म्हणतोय.

तळ्यातमळ्यात | स. ११:४०

अरे बाबांनो, मी तोच शॉर्टस्टॉप बदलायचा प्रयत्न करतोय तीन सिमपासून!!

हिशेबनीस | दु. १२:१५

वय किती त्याचं? २१-२२ असेल तर वर आणूच नकोस. मेजरमध्ये, म्हणजे वरच्या लीगमध्ये, १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात, सहा वर्षं झाली की तो हव्या त्या टीमकडे जायला मोकळा. थोडे दिवस खाली ठेवलास की एक अख्खं वर्ष फुकट मिळतं. शिकागो कब्सनी २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलला वर आणलं. सीझनअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी! त्यानं तक्रार केली, निकाल २०२० मध्ये लागला आणि तो हरला. अशी टीम चालवावी.

अनुस्वार | दु. १२:२०

एक दिवस? हे तर आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या ग्रॅच्युइटीसारखं झालं.

तळ्यातमळ्यात | दु. १२:२२

हिशेबनीस, ५८ सामने झालेत, गेममध्ये मेअखेर आलीये, वर्ष कधीच वाचलं. आणि हे मी विचारलं का?

मिरचीकांदा | दु. १२:५०

टीममध्ये जागा आहे का? २६ जणांचा रोस्टर (वरच्या टीमची यादी) भरलेला असेल तर वर कसा येईल? आणि तो ४० जणांच्या यादीत आहे का? गेम लाल अक्षरांत सांगतो रोस्टरमध्ये चूक आहे म्हणून.

तळ्यातमळ्यात | दु. १२:५८

आहे. त्याच्या जागी एका बेंचवाल्याला खाली पाठवलं, त्याचे ऑप्शन (खाली पाठवायची मुभा) शिल्लक आहेत. लाल काही येत नाही. माझ्या स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं. एक्स्पोर्ट केलं, म्हणजे फाइल पाठवली, की 'यशस्वी' म्हणूनही येतं.

खडूस आजोबा | दु. ३:१०

आम्ही १९७८ साली क्लीव्हलँडला होतो तेव्हा शेजारच्याकडे स्ट्रॅटोमॅटिक नावाचा बेसबॉलचा बैठा खेळ होता. हॅल रिचमन नावाच्या माणसानं १९६१ मध्ये काढलेला. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, तीन फासे. एका फाशावर १ ते ३ आले तर बॅटरचं कार्ड बघायचं, ४ ते ६ आले तर पिचरचं, आणि उरलेल्या दोघांची बेरीज करून ओळ शोधायची. बर्फ पडला की घराबाहेर जाता यायचं नाही, तेव्हा जेवणाच्या टेबलावर अख्खा सीझन खेळलोय. पेन्सिलीनं वहीत आकडे. तिथे फाइल बिइल गायब होत नसे. फासे घ्या आणि सुखी व्हा.

अनुस्वार | दु. ३:२२

आजोबा, वही आहे का अजून?

खडूस आजोबा | दु. ३:४५

आहे. बायकोनं तिच्यात मागच्या बाजूनं लोणच्याची प्रमाणं लिहिलीत.

मिरचीकांदा | दु. ४:०५

विषयावर येऊ या. तळ्यातमळ्यात, सिम झाला की तू काय काय करतोस ते क्रमानं लिही. एकही पायरी सोडू नकोस. 'एक्स्पोर्ट केलं' एवढं नको.

तळ्यातमळ्यात | दु. ४:२०

काय लिहायचं त्यात? सगळे करतात तेच. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी सकाळी सिम असतो. आदल्या रात्री फाइल उतरवून बदल ठरवून ठेवतो. सकाळी सातला अलार्म, दूध तापत ठेवतो, तोवर शेवटचा हात फिरवतो, एक्स्पोर्ट मारतो. साडेसातची डेडलाइन. आठपर्यंत निकाल येतो, चहाबरोबर बघतो आणि ऑफिसला चिडून जातो.

मिरचीकांदा | दु. ४:२६

साडेसात कोणी ठरवलं?

तळ्यातमळ्यात | दु. ४:२९

कमिशनरनं. म्हणजे नियमात सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्री ९ लिहिलंय. तो अमेरिकेत ओहायोत असतो. मी धरलं, आपले सकाळचे साडेसात. पहिले सहा सिम बरोबर गेले ना?

न्यूजर्सीकर | संध्या. ६:४०

आत्ता उठलो, रविवार आहे. हा धागा वाचून कॉफी सांडली.

अरे, आम्ही अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे केली! मार्चचा दुसरा रविवार, म्हणजे ९ तारीख. फेब्रुवारीत आमचे रात्रीचे ९ म्हणजे तुझे सकाळचे ७:३०. आता तेच ९ म्हणजे तुझे ६:३०. तुझा अलार्म वाजतो तेव्हा सिम होऊन अर्धा तास झालेला असतो. तुझे वाईट दिवस कुठल्या सिमपासून सुरू झाले? ११ तारखेच्या ना?

तळ्यातमळ्यात | संध्या. ६:४८

११, १३, १५.

देवा.

अनुस्वार | संध्या. ६:४९

🙂

तळ्यातमळ्यात | संध्या. ६:५५

पण थांबा. उशिरा पोचली हे मान्य. मग मंगळवारची एक्स्पोर्ट गुरुवारच्या सिमला तरी लागायला हवी ना? सर्व्हरवर पडलेलीच असते की.

न्यूजर्सीकर | संध्या. ७:१०

तू ती सिमच्या आधीच्या फाइलवरून बनवलीस. लीग पुढे सात दिवस गेली, तुझी फाइल मागच्या तारखेची. आमच्या लीगमध्ये कमिशनर अशा फाइल बाजूलाच काढतो, तुझाही तेच करत असणार. मग कंप्यूटर तुझी टीम आधी होती तशीच खेळवतो, कोणी जखमी असेल तेवढा बदलतो. तुझ्या लीगच्या पानावर कोणाची शेवटची एक्स्पोर्ट कधीची धरली ते दिसत असेल. बघ.

तळ्यातमळ्यात | संध्या. ७:२१

दिसतं. माझ्या नावासमोर ७ मार्च, त्यांच्या तारखेनं. बाकी सगळ्यांच्या हिरव्या. हा रकाना मी आजवर कधी बघितलाच नव्हता. मला वाटलं तो सजावटीला आहे.

कमिशनरला आज दुपारी एक मेल केलाय. भाषा बरी नव्हती.

डावखुरा | संध्या. ७:२५

तरी डावऱ्यासमोरची लाइनअप एकदा बघून घेच.

लंडनमधली शेपू | संध्या. ७:५०

आमच्याकडे घड्याळ ३० तारखेला पुढे जाणार. तोवर तीन आठवडे अमेरिकेशी आमचं अंतर एक तासानं कमी. माझ्या लीगचा सिम एरवी रात्री दोनला असतो, सध्या एकला होतो. नवरा म्हणतो या बाईला वर्षातून तीनच आठवडे झोप मिळते. उपाय एकच, फोनमध्ये न्यूयॉर्कचं घड्याळ लावून ठेवा आणि गणित करणं सोडा.

हिशेबनीस | रा. ८:१५

भारतात हा प्रकार नाही म्हणून आपल्याला सुचत नाही. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी उलटं होईल, तेव्हा मात्र एक तास बोनस. बघा, दिवस मोजणं किती महत्त्वाचं असतं.

उगीचच | रा. ९:०२

गेम स्लो चालत असेल तर रॅम वाढवा. माझ्या पुतण्याचा प्रॉब्लेम सुटला.

अनुस्वार | रा. ९:०६

स्लो कोण म्हणालं?

आकडेमोड | रा. ९:३०

अवांतर: हा गेम मार्कुस हाइनझोन नावाच्या जर्मन माणसानं सुरू केला, १९९९ मध्ये. जर्मनीत बेसबॉल किती जण बघतात? तरी त्यानं असा हिशेब बसवला की अमेरिकन माणसं त्यात वर्षानुवर्षं अडकून पडलीत. आणि तळ्यातमळ्यात, पिट्सबर्गच घेतलंस ते छान. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना याच टीमनं करारावर घेतलं होतं, भालाफेकीतून आलेली पोरं.

डावखुरा | रा. ९:४१

त्यांना शॉर्टस्टॉपला उभं करा. ह.घ्या.

तळ्यातमळ्यात | मंगळ, १८ मार्च, स. ८:१०

अपडेट. ५:५० चा अलार्म लावला. बायकोनं विचारलं, ट्रेकला चाललायस का? ६:०५ ला एक्स्पोर्ट केली, रकान्यात हिरवं झालं, स्क्रीनशॉट काढून ठेवला. शॉर्टस्टॉप वर राहिला! सहा सामन्यांत ४-२. पोरगं २१ वर्षांचं आहे, बॅटिंगची ताकद ऐंशीपैकी पस्तीस, पण हात सोन्याचे. पहिल्याच सामन्यात दोन एरर केल्या, असो.

आकडेमोड, तुमचं ऐकून त्या पिचरला स्टार्टरच ठेवला. चार इनिंगही टिकला नाही, सहा रन.

डावखुरा | स. ८:१३

😀😀😀

आकडेमोड | स. ८:२०

स्ट्राइकआउट किती?

तळ्यातमळ्यात | स. ८:२२

सात.

आकडेमोड | स. ८:२३

मग ठेव.

डावखुरा | स. ८:२४

हा माणूस सुधारणार नाही.

न्यूजर्सीकर | स. ८:३५

झोपायच्या आधी एकच. कमिशनरचं उत्तर आलं का?

तळ्यातमळ्यात | स. ८:४१

आलं. दोन ओळी. पहिलीत घड्याळाचा एक दुवा, दुसरीत 'गुड मॉर्निंग पिट्सबर्ग'. माफीचा मेल लिहायला बसलोय, इंग्रजी कोणी तपासून देईल का?

उगीचच | स. ८:५५

रॅम वाढवली का?