काचेचं पार्सल: पोचलं का फुटलं? तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात आईच्या माहेरचा सरबताच्या ग्लासांचा सेट ऑनलाइन विकला. सहा ग्लास, कडेला सोनेरी रेघ. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या कपाटात इतकी वर्षं होते, एकाचाही टवका उडाला नाही. ठाण्याला धड पोचले चार. मी प्रत्येक ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळला होता, खोक्यावर चारी बाजूंनी लाल अक्षरात ‘काच’ लिहिलं होतं, बाणसुद्धा काढले होते. घेणारी बाई भली. फोटो पाठवून एवढंच म्हणाली, “ताई, खोकं हातात घेतलं तेव्हाच पैंजण वाजल्यासारखं वाजत होतं.” पैसे परत केले. आईला अजून सांगितलेलं नाही.

इथून काचेचं सामान बाहेरगावी पाठवणारे आपल्यात बरेच जण आहेत. काय फुटलं, काय पोचलं, खोक्यात काय भरलंत, ते लिहा. कुठल्या कंपनीचं नाव मात्र नको, नाहीतर नुसती भांडणंच वाचावी लागतील.

शाहूपुरी, प्रयोगशाळेचं सामान

ताई, ग्लास गुंडाळलेत ते ठीक, पण खोक्यात जागा राहिली. पैंजण त्याचंच वाजलं.

मी एका शिकवणीच्या लॅबमध्ये होतो. वर्ग बंद झाले तेव्हा मालकांनी चंचुपात्रं, शंकूपात्रं, ब्युरेट सगळं मला देऊन टाकलं, ते हळूहळू विकतोय. पहिल्यांदा वाटलं, बोरोसिलिकेट काच आहे, हिला काय होतंय? ही काच तापली की साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते, म्हणून बर्नरवर तडकत नाही. आपटण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे मला १२ शंकूपात्रांनी शिकवलं.

आता मी दोन खोकी वापरतो. आतलं ३ प्लायचं, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याचं, त्यात वस्तू घट्ट. बाहेरचं ५ प्लायचं. दोन्हींच्या मध्ये सहाही बाजूंनी दोन-दोन इंच जागा सोडायची आणि ती चुरगाळलेल्या कागदानं ठासायची. सहाही म्हणजे झाकणाखालीसुद्धा. तिथं सगळे विसरतात. बबल रॅपचे फुगे काचेच्या बाजूला. पोकळ वस्तूच्या पोटात कागद. मान, कान, तोंडाची चोच असे नाजूक भाग आधी कागदाची दोरी वळून भरून घ्यायचे, म्हणजे वस्तूचा ठोकळा होतो. ब्युरेटची तोटी काढून वेगळी. ग्लास आडवे झोपवायचे नाहीत, उभे ठेवायचे. बशा-ताटल्याही एकावर एक न रचता धारेवर उभ्या. चिकटपट्टी मधल्या फटीवर आणि दोन्ही टोकांच्या कडांवर. मग खोकं टेबलावरून फरशीवर टाकून बघतो. बायको म्हणते, डोकं फिरलंय.

फटका बसतो तो वजनात. बहुतेक ठिकाणी आकारमानाचं वजन लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५०००नं भागायचं. ४० × ३० × ३०चं खोकं म्हणजे ७.२ किलो, आत दीड किलो काच का असेना.

धागाकर्ती

काका, ७.२ किलोचे पैसे लावले असते तर ग्लास फुकट द्यावे लागले असते!

शाहूपुरी, प्रयोगशाळेचं सामान

म्हणून किंमत सांगायच्या आधी खोकं भरायचं. मी उलटं करायचो, वर्षभर पदरचे घातले.

गंगावेस, गोटी सोडा

आमच्या आज्जाचा सोड्याचा गाडा हुता. आता रिकाम्या बाटल्या हॉटेलं सजवणारे मागत्यात. गिऱ्हाईकाला सांगतो, ह्या बाटलीचं पेटंट १८७२चं हाय, इंग्लंडातल्या हिराम कॉडचं. तेवढ्यावर भाव जरा वाढतो.

बाटली जाड, सहजी फुटत न्हाई. तरी पुण्याच्या एकानं पार्सल न उघडताच परत धाडलं. का, तर आत खुळखुळतंय, फुटलंय. आवो, ती गोटी हाय! जाताना-येताना दोन्हीकडचं भाडं माझ्या बोडक्यावर. आता तोंडातनं कागदाचा बोळा दाबून गोटी अडकवतो आणि खोक्यावर लिवतो, ‘आवाज आला तर गोटीचा आहे.’ आता आवाज येत न्हाई, तर एकानं विचारलं, गोटी घालायची राहिली काय?

मंगळवार पेठ, कंदील

जुन्या बाजारातले कंदील घेऊन दुरुस्त करून विकतो. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ हाताला लागला की तो दिवस चांगला. कऱ्हाडजवळचा तो काचकारखाना १९१६चा, आणि आमच्या आजोबांच्या पिढीला कंदील म्हटलं की प्रभाकरच. मूळ काच शाबूत असेल तर दर वेगळा, म्हणून तिचा जीव जपावा लागतो.

कंदिलात काच बसवून कधी पाठवू नका. पत्र्याचा सांगाडा आणि तार मिळूनच तिला फोडतात. काच बाहेर काढायची, पोटात मऊ फडकं, बाहेरून फोम. मग प्लंबरकडनं ६ इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आणायचा, काच त्यात सरकवायची, दोन्ही तोंडांना पुठ्ठ्याची चकती. ४ इंची पाइपात गुंडाळलेली काच बसत नाही, मी प्रयत्न केलाय आणि त्यात एक गमावलीय. पाइपावर पाय देऊन उभा राहिलो तरी आत काही होत नाही. एका गिऱ्हाईकानं विचारलं, कंदील मागवला होता, ड्रेनेजचा पाइप का पाठवलात?

कसबा बावडा, बरण्या

२०१९च्या ऑगस्टमध्ये तीन काचेच्या बरण्या पाठवल्या आणि महापूर आला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, गाड्या जागच्या जागी. कितीतरी दिवसांनी पार्सल माझ्याकडेच परत आलं. काच एकही फुटली नव्हती, पण पुठ्ठा भिजून कुस्करलेल्या भाकरीसारखा झालेला, रद्दीचा लगदा, आणि पत्ता पुसलेला. आतल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता म्हणून परत तरी आलं. तेव्हापासून आतलं खोकं आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पत्त्याची एक चिठ्ठी आत.

लक्ष्मीपुरी

मार्केट यार्डातनं गुळाची खोकी फुकट मिळाली म्हणून वापरली. काच पोचली. मुंग्याही पोचल्या.

टिंबर मार्केटजवळ

लाकडाचा भुसा कुणी भरत असाल तर थांबा. गाडीच्या हादऱ्यानं भुसा दबत जातो, बाटली खाली खाली सरकत पार तळाला टेकते आणि वर नुसता भुसा राहतो. भाताचं पिंजर त्यापेक्षा बरं, पण कडकडीत वाळलेलंच हवं. ओलसर राहिलं की बुरशी.

नाव नको

दोन वर्षं रात्रपाळीला पार्सलं गाडीत चढवलीत. ‘काच’ लिहिलेलं आम्ही वाचत नव्हतो, खरं सांगतो. कपड्याच्या खोक्यावर पण लोक ‘काच’ लिहितात, मग विश्वास कुणावर ठेवायचा? एका हातात मावतं ते खोकं फेकलं जातं. दोन्ही हातांनी उचलावं लागतं ते ठेवलं जातं. काकांचं दुहेरी खोकं त्यामुळेही टिकत असणार.

महाद्वार रोड, बांगड्या

आमचं दुकान आतल्या बोळात आहे. गेली काही वर्षं हिरवा चुडा बाहेरगावी पाठवतो, लग्नसराईत तर रोज. बांगडीचं गणित जरा वेगळं आहे. मधे कागद घालत बसायचं नाही. कागदाच्या जाड सुरळीवर डझन डझन घट्ट ओवायच्या, दोऱ्यानं करकचून बांधायच्या, बोट घालायला फट राहता कामा नये. एकमेकींना चिकटलेल्या असल्या की टिकतात, सैल राहिली ती शेजारणीलाही घेऊन जाते. मग सुरळीची दोन्ही टोकं खोक्याला टेकतील एवढी लांब ठेवायची, म्हणजे बांगड्या मधे अधांतरी राहतात.

तरी कधी दगा होतोच. मागच्या वैशाखात सांगलीच्या एका आजींचा मेसेज आला: ‘पार्सल मिळाले. चार बांगड्या वाढल्या.’ त्या दिवशी मोबाइल धाकट्या दिराकडे. पोरगं हॉस्टेलात वाढलेलं, आपल्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत हे त्याच्या गावीही नाही. त्यानं लगेच उत्तर पाठवलं, ‘काही हरकत नाही आजी, जास्तीच्या तुम्हालाच ठेवा.’