मुलांसाठी खेळाचा टूथब्रश घ्यावा का?

प्रश्न (मुलीची आई, ठाणे)

आमची मुलगी पुढच्या महिन्यात सहा वर्षांची होईल. सकाळी शाळेच्या बसच्या घाईत ती कसेबसे दात घासते आणि रात्री पेंगुळलेली असल्यामुळे ब्रश नुसता तोंडात धरून उभी राहते. माझे धाकटे दीर अमेरिकेहून येताना फोनला जोडता येणारा आणि घासताना पडद्यावर खेळ दाखवणारा ब्रश आणू का, असे विचारत आहेत. अशा ब्रशमुळे सवय खरोखर लागते, की ती नव्याची नवलाई ठरते? शिवाय झोपण्यापूर्वी मोबाइल हाती देणे मनाला पटत नाही.

प्रतिसाद 1 (दोन मुलांचे बाबा, पुणे)

फ्रान्सच्या कोलिब्री कंपनीने 2014 मध्ये लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात फोनशी जोडलेला ब्रश दाखवला, तेव्हापासून या प्रकारावर माझे लक्ष आहे. काही ब्रश केवळ वेळ मोजतात, तर काहींच्या दांड्यात हालचाल आणि कल ओळखणारे संवेदक असतात व ती माहिती ब्लूटूथने ॲपकडे जाते. परंतु संवेदकाला दांडा कसा धरला आहे एवढेच कळते. तंतू दाताला टेकले की नाहीत, हे त्यावरून नेमके सांगता येत नाही. आमच्या मुलाने तर आठवड्याभरात तोंडाबाहेर ब्रश हलवून गुण मिळवण्याची युक्ती शोधून काढली होती! पुढे त्या ॲपने नव्या फोनवर चालणेच बंद केले. ब्रश मात्र अजून उत्तम चालतो.

प्रतिसाद 2 (दंतवैद्य, कोल्हापूर)

विजेवरच्या ब्रशने दातांवरचा चिकट थर साध्या ब्रशपेक्षा अधिक निघतो. अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2014 च्या आढाव्यात तीन महिन्यांनंतर हा फरक 21 टक्के आढळला. पण ते श्रेय ब्रशच्या गतीचे आहे, पडद्यावरच्या खेळाचे नाही. खेळाचा उपयोग मूल दोन मिनिटे जागेवर थांबावे इतकाच, आणि सहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तोही काही थोडा नव्हे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. याच वयाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्यामुळे अनेक पालक तिला दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी ‘पडेल आपोआप’ म्हणून निर्धास्त राहतात. अर्धवट उगवलेली असताना ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, त्यामुळे पुढे-मागे फिरणारा ब्रश तिच्या खोल खाचांवरून नुसता निघून जातो. म्हणून मुलीचे घासून झाल्यावर तिच्या मागे उभे राहा, डोके किंचित मागे टेकवून घ्या आणि गालाच्या बाजूने ब्रश आडवा घालून ही दाढ स्वतः स्वच्छ करा. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत हे करावेच लागते. फ्लोराइडयुक्त पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. नंतर ती थुंकायला सांगा, भरपूर पाण्याने चुळा भरायला लावू नका.

प्रश्नकर्ती

आत्ताच टॉर्च लावून पाहिले. खालच्या उजव्या बाजूला हिरडीतून पांढरे टोक डोकावत आहे, आणि मी ते अन्नाचा कण समजत होते! तिथे विजेवरचा ब्रश लावला तर दुखेल का?

प्रतिसाद 3 (आजोबा, रत्नागिरी)

नातवासाठी आम्ही दोन मिनिटांचे वाळूचे घड्याळ आरशासमोर ठेवले आहे. ते उलटे करण्याचा मान कोणाचा, यावरून रोज भांडण होते, पण दात घासले जातात.

प्रतिसाद 4 (दंतवैद्य, कोल्हापूर)

हिरडी हुळहुळी असेपर्यंत तेवढ्या जागी लहान डोक्याचा, मऊ तंतूंचा साधा ब्रश वापरा. दिरांना ब्रश जरूर आणू द्या. फक्त त्याची सुटी डोकी येथे मिळतात का, ते आधी पाहा, कारण ती साधारण तीन महिन्यांनी बदलावी लागतात. ॲप सुरुवातीचे काही दिवस सकाळीच लावा आणि रात्री मोबाइल बाहेरच ठेवा, कारण त्या वेळी दाढ तुम्हालाच घासायची आहे.